करवंदांचे फ्रोझन कॉकटेल, घरच्या मिक्सरमधून

मद्य, फळांचा गर, लिंबाचा रस आणि बर्फ एकत्र घुसळून केलेले दाट, चमच्याने खाता येईल असे पेय म्हणजे फ्रोझन कॉकटेल. यातील 'डायकिरी' हे नाव क्युबातील सँतियागोजवळच्या खाणींच्या गावावरून आले. अननस, नारळ आणि रम यांच्या 'पिन्या कोलादा'ला पोर्तो रिकोने १९७८ मध्ये राष्ट्रीय पेयाचा मान दिला. आपल्याकडे मात्र डबाबंद अननसामागे धावण्याचे कारण नाही. मे महिन्यात मुळशी-ताम्हिणीच्या रस्त्यावर मिळणारी करवंदे या कामी अधिक सरस. आंबटपणा त्यांच्यात उपजतच असतो.

दोन प्याल्यांसाठी पिकलेली काळी करवंदे पाव किलो घ्यावीत. चीक निघून जाईल अशी स्वच्छ धुवून ती थोड्या पाण्यात मऊ होईपर्यंत उकळावीत आणि चाळणीवर घोटून बिया वेगळ्या कराव्यात. गरात चार चमचे साखर विरघळवून तो बर्फाच्या ट्रेमध्ये रात्रभर गोठवावा. 'झटपट' पेयाची खरी मेहनत एवढीच. ऐनवेळी हे खडे, ६० मिलिलिटर पांढरी रम, १०० मिलिलिटर नारळाचे दूध, एका लिंबाचा रस आणि वाटीभर बर्फ मिक्सरमध्ये घालावा. बर्फ आधी फडक्यात बांधून लाटण्याने फोडावा. मिक्सर थांबत थांबत फिरवावा. सलग फिरवल्यास भांडे तापते आणि हाती सरबत उरते.

रम सढळ हाताने ओतण्याचा मोह आवरावा. ४० टक्के अल्कोहोल असलेले मद्य उणे २७ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते, घरचा फ्रीझर मात्र उणे १८ पर्यंतच जातो. साहजिकच मद्य वाढले की मिश्रण पातळ होते. शिवाय थंडाव्यात गोडी मंदावते आणि मद्याचा तिखटपणाही लपतो. किती प्यायलो हे जिभेला कळत नाही. म्हणून माप हवेच.

बर्फ उकळून गार केलेल्या पाण्याचा, घरी लावलेलाच असावा. रस्त्यात मिळणारी लादी खाण्यायोग्य असेलच असे नाही. अखाद्य बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम राज्यात २०१८ मध्ये आला तो याच कारणाने.

शेतघरावर बेत आखणाऱ्यांनी कायदाही ध्यानात ठेवावा. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो आणि रमसारख्या मद्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. रमऐवजी काजूची फेणी उत्तम जमते, तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण गोव्याहून विनापरवाना आणलेली बाटली हा राज्यात गुन्हा ठरतो. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळल्यास वाहनचालकाला पहिल्याच वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ताम्हिणीची वळणे तर दंडाचीही वाट पाहत नाहीत.

परतीच्या प्रवासात गाडी चालवणाऱ्याच्या प्याल्यात रमऐवजी कोकम सरबत घालावे. ते मिश्रण अधिक घट्ट होते, म्हणून बर्फ अर्धी वाटीच घ्यावा.