हेड गॅस्केट उडणे (टर्बो इंजिन)

इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे सिलिंडर हेड यांच्यामध्ये दाबून बसवलेला पातळ थर म्हणजे हेड गॅस्केट. जळता वायू, कूलंट आणि ऑइल यांना एकमेकांत मिसळू न देणे हे त्याचे काम. टर्बो सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो, त्यामुळे दाब आणि उष्णता दोन्ही वाढतात. त्यात इंजिन तापले किंवा नॉकिंग (सिलिंडरमधल्या इंधनाचा अवेळी भडका) झाले, की गॅस्केट उडते, म्हणजे फाटून गळू लागते.

निदानात घाई नडते. पांढरा धूर दिसताच हेड उतरवायला निघणारे मेस्त्री कमी नाहीत, पण थंडीतल्या सकाळी धडधाकट गाडीही तसाच धूर सोडते. निळसर धूर तर टर्बोच्या सीलमधून झिरपलेल्या ऑइलचाही असू शकतो. गळती नसताना कूलंट घटणे, गार इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, या जास्त भरवशाच्या खुणा. खात्रीसाठी रेडिएटरच्या तोंडावरची हवा निळ्या रसायनातून ओढतात. पेट्रोल इंजिनातला ज्वलनवायू त्यात असला तर रंग पिवळा होतो.

हेड उतरल्यावर सरळपट्टी आणि फीलर गेजने वाक मोजतात. बऱ्याच इंजिनांत ०.०५ मिमीपर्यंतच चालतो. त्यापुढे हेड मशीनवर घासून घ्यावे लागते. बहुस्तरीय पोलादी गॅस्केटला पृष्ठभाग विशेष गुळगुळीत हवा. सुबारूच्या आडव्या बॉक्सर इंजिनाला दोन बाजूंना दोन हेड, म्हणून अनेक कारागीर इंजिनच खाली घेतात. ताणून आवळायचे हेड बोल्ट नवेच घालावेत.

रेडिएटरमध्ये ओतायची गळतीरोधक द्रव्ये ही दुरुस्ती नव्हे. ती हीटरच्या बारीक नळ्याही तुंबवतात.