आगीतून वाचलेल्या काचा

गॉलवे परगण्यात अहास्क्रा गावाजवळ क्लॉनब्रॉक हाऊस नावाचा जुना वाडा आहे. 1984 मध्ये त्याला आग लागली आणि नुसत्या भिंती उरल्या. तरीही तिथं राहून गेलेली माणसं आपल्याला आज पाहता येतात, ती काचेच्या निगेटिव्हजमुळे.

ल्यूक डिलन आणि ऑगस्टा क्रॉफ्टन यांचं लग्न 1866 मध्ये झालं. दोघांनाही फोटोग्राफीचं वेड. त्या काळी काचेवर रसायनांचा थर द्यायचा, तो ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत अंधाऱ्या खोलीत काच धुवायची, एवढा खटाटोप असे. त्यासाठी वाड्याच्या आवारात वेगळं फोटोघर होतं. घरचे, पाहुणे आणि नोकरमाणसंही त्या काचांवर उमटली.

1970 च्या दशकात वाडा घराण्याच्या हातून गेला आणि हा संग्रह नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडकडे आला. आग लागली ती त्यानंतर. काचा वाड्यातच राहिल्या असत्या, तर त्याही गेल्या असत्या.

आपल्यापैकी कुणाच्या गावाकडच्या माळ्यावर अशा काचा असतील. त्या कडेने धरा, पाण्याने पुसू नका, कागदी पाकिटात घालून उभ्या ठेवा. काच आत ठेवण्याआधी पाकिटावर पेन्सिलीने नावं लिहा. ती सांगणारी आजी आज फोनवर आहे. या दिवाळीला फराळाची चौकशी झाली की मुलांना तिच्याशी बोलायला बसवा आणि एकेक चेहरा विचारून घ्या.