४४६ बाइट्सची जागा

मार्च १९८३ मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी बाजारात आणला आणि त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क बसवली. आधीच्या फ्लॉपीवर चालणाऱ्या पीसीत ऑपरेटिंग सिस्टिमींचे भांडण होण्याची सोयच नव्हती. ज्या सिस्टिमची फ्लॉपी आत, ती चालू. दुसरी हवी असेल तर फ्लॉपी बदलायची. हार्ड डिस्क मात्र यंत्राच्या पोटात कायमची बसलेली. त्या काळात डॉसच्या जोडीला सीपी/एम-८६ होती, यूसीएसडी पी-सिस्टिम होती, मायक्रोसॉफ्टची स्वतःची झेनिक्सही होती. या सगळ्यांना एकाच डिस्कवर नांदवायचे कसे?

यावरचे उत्तर डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये ठेवले गेले. सेक्टर ५१२ बाइट्सचा. त्यातले ६४ बाइट्स पार्टिशनच्या तक्त्याला गेले. प्रत्येक नोंद १६ बाइट्सची, म्हणून पार्टिशन चारच. शेवटचे दोन बाइट्स खुणेचे. उरले ४४६, आणि त्यात एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा होता. तक्त्यातल्या कुठल्या पार्टिशनवर ‘अ‍ॅक्टिव्ह’ असा शिक्का आहे ते तो पाहणार, त्या पार्टिशनचा पहिला सेक्टर मेमरीत आणणार आणि कारभार त्याच्या हाती सोपवणार. अडचण आलीच तर दाखवायला तीन छोटी वाक्येही त्यात होती: तक्ता चुकीचा आहे, सिस्टिम लोड होताना चूक झाली, सिस्टिमच सापडत नाही. सिस्टिम बदलायची तर एफडिस्क हा पार्टिशन सांभाळणारा प्रोग्रॅम उघडून शिक्का हलवायचा आणि मशीन पुन्हा सुरू करायचे.

ही रचना सुबक होती. तिच्यात एकच गोष्ट राहून गेली आणि पुढची चाळीस वर्षे लोकांनी त्याची किंमत मोजली. त्या ४४६ बाइट्सवर हक्क कोणाचा, हे कुठेच ठरवलेले नव्हते. जो शेवटी इन्स्टॉल होईल तो तिथे लिहू शकत होता, आणि आधी तिथे काय होते हे विचारण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते. एकाच मशीनवर दोन सिस्टिमी ठेवणाऱ्याला एका सकाळी त्यातली एक गायब दिसते, तेव्हा आपल्याच हातून काहीतरी चुकले असे त्याला वाटते. बहुतेक वेळा चूक त्याची नसते.

१९९२ मध्ये ओएस/२ ची २.० ही आवृत्ती आली, तिच्यात बूट मॅनेजर होता. तो स्वतःसाठी एक मेगाबाइटचे वेगळे पार्टिशन घेई, अ‍ॅक्टिव्हचा शिक्का आपल्यावर मारून घेई आणि सुरुवातीलाच मेनू दाखवी. चारांतली एक नोंद खर्ची पडे, पण पहिल्या सेक्टरला हात लावावा लागत नसे. तीन वर्षांनी विंडोज ९५ आले. त्याचे इन्स्टॉलेशन हा शिक्का उचलून स्वतःच्या पार्टिशनवर ठेवत असे. ओएस/२ डिस्कवर जशीच्या तशी असायची, फक्त तिच्यापर्यंत जाण्याचा रस्ता बंद व्हायचा. उपाय सोपा होता: एफडिस्क उघडा, ते एक मेगाबाइटचे पार्टिशन पुन्हा अ‍ॅक्टिव्ह करा. ज्याला हे ठाऊक नव्हते त्याने मात्र अख्खी सिस्टिम नव्याने टाकली.

याच वर्षांत वेर्नर आल्मेसबर्गर या स्विस संगणकतज्ज्ञाने लिनक्ससाठी लिलो लिहिला. लिलोला फाइल सिस्टिम कळत नसे. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, डिस्कवर नेमका कुठल्या सेक्टरांत आहे त्याची यादी तो इन्स्टॉल होताना करून ठेवी आणि मशीन सुरू होताना आंधळेपणाने तेच सेक्टर वाची. म्हणून कर्नल बदलला की लिलोची कमांड पुन्हा चालवावी लागे. ती विसरली की जुन्या पत्त्यावर भलताच मजकूर सापडे आणि मशीन तिथेच थांबे.

पण लिलोच्या एका गुणाची बरोबरी त्यानंतरच्या कुठल्याच बूट मॅनेजरने केलेली नाही. पडद्यावर तो आपले नाव एकेक अक्षराने छापत असे आणि प्रत्येक अक्षर म्हणजे पार पडलेली एक पायरी. काहीच उमटले नाही तर लिलोचा कुठलाच भाग मेमरीत पोचलेला नाही. ‘एल’ आणि पुढे दोन अंकी आकडे येत राहिले तर पहिला टप्पा चालला, पण दुसरा वाचता आला नाही. डिस्क खराब आहे किंवा तिच्या रचनेबद्दल मशीन सुरू करणारा बायोस आणि लिलो यांचे एकमत नाही. ‘एल-आय’वर थांबले तर दुसरा टप्पा वाचला गेला, पण सुरू झाला नाही. ‘एल-आय-एल’ म्हणजे दुसरा टप्पा चालू आहे, पण पुढची यादी त्याला मिळत नाही. चारही अक्षरे आली की सगळे जागेवर. ५१२ बाइट्सच्या कोंडीत लांब संदेशाला जागा नव्हती, म्हणून नावालाच निदानाचे काम दिले. दुरुस्ती करणाऱ्याला याहून प्रामाणिक मदत कोणी केली असेल असे वाटत नाही.

आकडे येत राहण्यामागे बायोसची एक मर्यादा असे. डिस्क वाचण्याच्या जुन्या पद्धतीत सिलिंडरच्या आकड्यासाठी दहाच बिट्स होते, त्यामुळे १०२४ च्या पुढचा सिलिंडर बायोसला दिसतच नसे. पत्ते कितीही चांगले भाषांतरित केले तरी ही हद्द ८.४ जीबीच्या आसपास संपे. डिस्का वाढल्या, विंडोजने सुरुवातीची जागा व्यापली, लिनक्स मागे गेले आणि कर्नल हद्दीपलीकडे पडला. म्हणून त्या काळातले जाणकार डिस्कच्या आरंभीच कर्नलसाठी एक लहानसे पार्टिशन कापून ठेवायला सांगत. २००० च्या सुमारास लिलो नव्या पद्धतीचे पत्ते वाचू लागला आणि ती गरज संपली. सवय मात्र बरीच वर्षे टिकली.

भारतात अनेकांच्या घरी लिनक्स पोचले ते पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर आलेल्या सीडींतून. तेव्हा घरात कॉम्प्युटर एकच असायचा आणि त्यावर विंडोज हवेच असायचे. म्हणजे शिकायचे तर दोन सिस्टिमींचा संसार मांडूनच. विंडोज पुन्हा टाकले की लिलो जायचा, लिनक्स काढून टाकले की विंडोजही उठायचे नाही. दुसऱ्या संकटावर एक मंत्र तोंडोतोंडी फिरला: एफडिस्कला ‘/एमबीआर’ जोडून चालवा. एमएस-डॉस ५.० पासून हा पर्याय होता, पण त्याची अधिकृत कागदपत्रांत नोंद नव्हती. तो ४४६ बाइट्स नव्याने लिही आणि पार्टिशनचा तक्ता तसाच ठेवी. सेक्टरच्या शेवटची दोन बाइट्सची खूण मात्र जागेवर असायला हवी. ती नसेल तर तक्ताही पुसला जाई. हे अर्धे वाक्य मंत्राबरोबर फिरले नाही.

ज्यांना ४४६ बाइट्सना हातच लावायचा नव्हता, त्यांच्यासाठी विंडोज एनटीने वेगळी वाट ठेवली होती. लिनक्सच्या पार्टिशनचा पहिला सेक्टर डीडी कमांडने ५१२ बाइट्सच्या फाइलमध्ये उतरवायचा, ती फाइल सी ड्राइव्हवर ठेवायची आणि बूट.आयएनआय मध्ये तिच्या नावाची एक ओळ घालायची. मेनू विंडोजचा, वाट लिनक्सची. फक्त लिलो पुन्हा चालवला की ही नक्कलही पुन्हा करावी लागे.

१९९५ मध्ये एरिक बोलेन युटा विद्यापीठाच्या माक ४ मायक्रोकर्नलवर ग्नू हर्ड ही सिस्टिम सुरू करू पाहत होता. त्याने आधी फ्रीबीएसडीचा बूट लोडर बदलून पाहिला, ते जमेना तेव्हा स्वतःचा लिहिला. तो ग्रब. १९९९ मध्ये गॉर्डन मॅट्झिगकाइट आणि योशिनोरी ओकुजी यांनी त्याला ग्नू प्रकल्पात आणले आणि २००१ मध्ये रेड हॅट लिनक्स ७.२ ने लिलोऐवजी ग्रब पहिल्या पसंतीला ठेवला. ग्रबला फाइल सिस्टिम वाचता येत होती. कर्नल बदलला तरी त्याला नाव पुरे होते. मेनूतली ओळ चुकली असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून पुढे जाता येई.

एवढे शहाणपण ४४६ बाइट्सांत मावत नाही. पहिले पार्टिशन परंपरेने ६३ व्या सेक्टरला सुरू होई, म्हणून मधले ६२ सेक्टर, साधारण ३१ केबी, रिकामे असत. ग्रब तिथे राहायला गेला. ती जागाही कोणाच्या नावावर नव्हती, आणि काही विंडोज सॉफ्टवेअरांच्या परवाना तपासणाऱ्या यंत्रणा आपली गुप्त खूण तिथेच लिहीत होत्या. २०१० च्या सुमारास ग्रब २ वापरणाऱ्यांची मशीन विंडोजमध्ये एखादा प्रोग्रॅम चालवल्यावर उठेनाशी झाली. ग्रबच्या लेखकांनी भांडत बसण्याऐवजी ओळखीच्या खुणा असलेले सेक्टर टाळायला सुरुवात केली आणि आपल्या कोडमध्ये चूक भरून काढणारे गणित घातले. थोडे बाइट्स कोणी खराब केले तरी ग्रब ते पूर्ववत करून उभा राहतो.

‘ग्रब रेस्क्यू’ हा काळा पडदा बहुतेकांच्या ओळखीचा आहे. विंडोजमधून लिनक्सचे पार्टिशन पुसले की तो हमखास दिसतो. पहिला सेक्टर आणि रिकाम्या जागेतला भाग शाबूत असतो, पण मेनू आणि मोड्यूल्स पुसलेल्या पार्टिशनबरोबर गेलेली असतात. पार्टिशन जागेवर असून फक्त क्रमांक बदलला असेल, तर चार ओळींत काम होते: पार्टिशनांची यादी मागायची, ग्रबचे फोल्डर कुठे आहे ते सांगायचे, ‘नॉर्मल’ मोड्यूल भरायचे, चालवायचे. सिस्टिम उठली की ग्रब पुन्हा इन्स्टॉल करायचा, नाहीतर पुढच्या वेळी तोच पडदा.

हक्काचा प्रश्न खऱ्या अर्थाने हाताळला तो बायोसच्या जागी आलेल्या ईएफआयने. इंटेलने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इटॅनियमसाठी सुरू केलेले हे काम २००५ मध्ये यूईएफआय फोरमकडे गेले. आता प्रत्येक सिस्टिमला एका सामाईक पार्टिशनवर स्वतःचे फोल्डर मिळाले आणि कोण आधी उठणार याची यादी मदरबोर्डच्या मेमरीत गेली. कोणी कोणावर लिहिण्याचे कारण उरले नाही. पण ती यादी पाळणे फर्मवेअर लिहिणाऱ्यांच्या हाती होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये लिनक्स डेव्हलपर मॅथ्यू गॅरेटने दाखवून दिले की लेनोव्होचा थिंकसेंटर एम९२पी नोंदीचे नाव वाचतो, आणि ते ‘विंडोज बूट मॅनेजर’ किंवा ‘रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स’ असेल तरच तिला उठू देतो.

त्याच वर्षी विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट आले. सही असलेला कोडच चालणार, आणि बहुतेक मशीनांत सहीची किल्ली मायक्रोसॉफ्टची. गॅरेटने शिम हा छोटा मध्यस्थ लिहिला. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही, आणि ग्रबची पारख शिम करणार. २०२० मध्ये ग्रबमध्ये बूटहोल ही गंभीर त्रुटी सापडली. जुन्या, धोकादायक शिम आणि ग्रबना नाकारता यावे म्हणून एसबॅट ही आवृत्त्यांची यादी तयार झाली.

१३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने ती यादी पुढे सरकवली. दोन सिस्टिमी असलेल्या मशीनांवर ती लागू होऊ नये असा मायक्रोसॉफ्टचा हेतू होता, पण लिनक्स ओळखण्याची तपासणी कित्येक मशीनांवर फसली. दुसऱ्या दिवशी लिनक्स निवडणाऱ्यांना पडद्यावर दिसले की सुरक्षा धोरणाचा भंग झाला आहे आणि काहीतरी फारच बिघडले आहे. मग मशीन बंद. कुठल्या अपडेटने काय बदलले, पुढे काय करावे, यातले काहीच त्या संदेशात नव्हते. लिलोच्या चार अक्षरांत याहून अधिक माहिती होती. लोकांनी सिक्युअर बूट बंद केले, लिनक्समध्ये शिरून मॉकयुटिलच्या एका कमांडने ती यादी काढली, मशीन पुन्हा सुरू केले आणि सिक्युअर बूट परत चालू केले. मायक्रोसॉफ्टची कायमची दुरुस्ती मे २०२५ च्या अपडेटमधून आली.