ट्राम येण्यापूर्वी

शाळेची सहल काशीदच्या किनाऱ्यावर नेताना वाटेत बहुधा अलिबाग लागतं. मुलं तिथला किल्ला पाहतात. चुंबकीय वेधशाळेकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. ही वेधशाळा मुंबई सोडून इथं का आली, याची गोष्ट वर्गात सांगण्याजोगी आहे.

मुंबईत कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ मध्ये वेधशाळा उभारली. १८४१ पासून तिथं पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापं होऊ लागली. पुढे १९०० च्या सुमारास शहरात घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं घाटत होतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी त्यातला धोका ओळखला.

कसला धोका? ट्रामची वीज रुळांमधून परत जाते आणि तिचा काही भाग जमिनीत झिरपतो. वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होतं, हे आपण ओर्स्टेडच्या प्रयोगात शिकवतोच. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र सुमारे ४०,००० नॅनोटेस्ला असतं, पण त्यातला रोजचा चढउतार जेमतेम काही दशक नॅनोटेस्लांचा. ट्राम सुरू झाल्या की तो ओळखणं कठीण होणार होतं.

मूस यांनी ट्राम सुरू होण्याची वाट पाहिली नाही. अलिबागला जागा निवडली. इमारतीसाठी चुंबकत्व नसलेला पोरबंदरचा दगड पारखून घेतला. १९०४ मध्ये तिथं नोंदी सुरू झाल्या, तरी कुलाब्याच्या नोंदी लगेच थांबवल्या नाहीत. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापं चालू होती. जागा बदलली की खालच्या खडकांमुळे आकडेही थोडे बदलतात. दोन्हींतला फरक ठाऊक असेल तरच जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता येते. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये.

हा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर कुलाब्याच्याच जुन्या वह्यांत आहे. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरच्या स्फोटानंतर प्रचंड चुंबकीय वादळ झालं. कुलाब्याच्या निरीक्षकांनी त्याचे आकडे डोळ्यांनी वाचून लिहून ठेवले होते. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी ते पुन्हा अभ्यासले, तेव्हा क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट दिसली. उपग्रहांना आणि वीजजाळ्यांना असलेल्या धोक्याचा अंदाज बांधायला आज हे आकडे उपयोगी पडतात. लिहिणाऱ्यांना उपग्रह ठाऊकही नव्हते.

आम्ही संशोधन करणारी माणसं भविष्याबद्दल बोलतो तेव्हा बहुधा नव्या यंत्रांबद्दल बोलतो. मूस यांची दूरदृष्टी निराळी होती. पुढे काय शोध लागेल हे त्यांनी सांगितलं नाही. पुढच्यांना शोध लावता येईल एवढी सोय केली. त्यासाठी दोन वर्षं दुप्पट काम पत्करलं. मुंबईची ट्राम १९६४ मध्ये बंद झाली. अलिबागची नोंद अजून चालू आहे.

आपल्या शाळेतही पर्जन्यमापक असेल. नव्या इमारतीपायी तो हलवायची वेळ आली, तर एक पावसाळा जुन्या जागी आणि नव्या जागीही मोजमाप करून पाहावं. वहीवर दोन्ही जागा आणि तारखा लिहाव्यात. ती वही पुढे कोण उघडेल, हे आपल्याला आज ठाऊक असण्याची गरज नाही.