ठिणगीतून वाढलेले व्होल्टेज

पांढरा एलईडी पेटायला सुमारे ३ व्होल्ट लागतात. तरी दीड व्होल्टच्या एकाच सेलवर चालणाऱ्या एलईडी विजेऱ्या मिळतात. उरलेले व्होल्ट येतात कोठून, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. त्याच्या उत्तराचे मूळ १८३२ सालात आहे, आणि ते एका शिक्षकाच्या हाती लागले.

जोसेफ हेन्री अमेरिकेतील ऑल्बनी अकॅडमीत शिकवीत असत. बॅटरीला जोडलेली लांब तार सोडवताना ठळक ठिणगी पडते, तार आखूड असल्यास ती जेमतेम दिसते, आणि लांब तारेचे वेटोळे केल्यास ठिणगी आणखी वाढते, असे त्यांनी नोंदवले. यालाच आपण स्वयंप्रवर्तन म्हणतो. वेटोळ्यातील धारा एकाएकी थांबायला तयार नसते. वाट तोडली की दाब वाढवून ती दुसरी वाट शोधते. (नळ झटकन बंद केला की पाइप दणका देतो, तसेच हे. याच दणक्याने पाणी उंच चढवणारा पंप फ्रान्समध्ये जोसेफ माँगोल्फिए यांनी १७९६ मध्ये केला होता. बलून उडवणाऱ्या भावांपैकी ते थोरले.)

बूस्ट परिवर्तक या ठिणगीला वाया जाऊ देत नाही. स्विच चालू असताना वेटोळ्यात ऊर्जा साठते. बंद होताच वेटोळ्याचे व्होल्टेज सेलच्या व्होल्टेजमध्ये मिळून डायोडमार्गे धारित्रात जाते. स्विच निम्मा वेळ चालू ठेवला, तर आदर्श मंडलात व्होल्टेज दुप्पट होते.

मग हे सारे चिमुकल्या विजेरीत मावते कसे? समजा, १० वॅट शक्ती वेटोळ्यामार्फत पोचवायची आहे. सेकंदाला १०० खेपा केल्या, तर दर खेपेला ०.१ ज्यूल साठवावे लागतील. खेपा १० लाख केल्या, तर त्याचा दहा हजारावा भाग पुरे! ओझे घटले की वेटोळेही लहान होते.

१९३० च्या दशकातील मोटारींच्या रेडिओत निर्वात नळ्यांना लागणारे उच्च व्होल्टेज ६ व्होल्टच्या बॅटरीतून मिळवायला थरथरणारे पोलादी पाते आणि ट्रान्सफॉर्मर वापरत. हा काही बूस्ट परिवर्तक नव्हे, पण खेपांचा हिशेब तोच. पाते सेकंदाला शंभराच्या आसपासच थरथरे, म्हणून ट्रान्सफॉर्मर जड. शिवाय त्याची टोके झिजत.

१९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला आणि पुढे वेगवान स्विच मिळाले, एवढेच बहुधा सांगितले जाते. आमच्या मते हे श्रेय अपुरे आहे. स्विच वेगवान झाला तरी लोखंडी गाभ्यात भोवरा प्रवाह निर्माण होऊन तो तापतोच. विजेला मोठा रोध करणारा, तरीही चुंबकीय असा गाभा हवा होता. तोक्यो येथे योगोरो कातो आणि ताकेशी ताकेई यांनी १९३० मध्ये असा पदार्थ, म्हणजे फेराइट, तयार केला होता! ट्रान्झिस्टरच्या आधी सतरा वर्षे.

खेपा मात्र हव्या तितक्या वाढवता येत नाहीत. प्रत्येक उघडझापीत स्विच थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतो, आणि खेपांबरोबर ही गळतीही वाढते. गॅलियम नायट्राइडच्या ट्रान्झिस्टरांवर आज एवढी मेहनत घेतली जाते, त्यामागे ही गळती हे एक मोठे कारण आहे.