‘खालसा करणें’ : एका क्रियापदाची हकीकत

एखादी गोष्ट रीतसर संपविण्यासाठीं आपल्या मराठींत क्रियापदांची वाण नाहीं. हुकूम रद्द करितात, सभा विसर्जन करितात, नोकर बडतर्फ करितात, दरबार बरखास्त करितात. राज्य मात्र ‘खालसा’ करितात. या एकाच शब्दाची हकीकत मी आज आपणांस सांगणार आहें.

मूळ अरबी शब्दाचा अर्थ शुद्ध, निर्भेळ. मोगल अमदानींत ज्या मुलखाचा वसूल जहागीरदाराच्या हातीं न जातां थेट बादशाही खजिन्यांत येई, तो मुलूख खालसा. इ. स. १५७५ च्या सुमारास अकबरानें बहुतेक जहागिरी मोडून प्रांत खालसा केले व वसुलासाठीं करोडी नेमले. थोड्याच वर्षांनीं जहागिरी पुन्हां चालू झाल्या. म्हणजे त्या काळीं खालसा ही हिशेबाच्या वहींतील एक नोंद होती. आज खालसा, तर उद्यां जहागीर. शिखांचा ‘खालसा’ हाहि तोच शब्द. इ. स. १६९९ मध्यें आनंदपुरास गुरु गोविंदसिंहांनीं मधल्या मसंदांना दूर सारून आपल्या शिष्यांचा थेट गुरूशीं संबंध जोडला, आणि शब्दाचें मूळचें निर्मळपण तेथें शाबूत राहिलें.

आपल्याकडील दप्तरांत खालसा गांवाच्या जोडीला ‘दुमाला’ गांव येतो. सारा सरकारांत जमा होणारा तो खालसा. सरकाराखेरीज दुसऱ्याचाहि हक्क ज्यावर बसला, तो इनामी गांव दुमाला. शिरूर तालुक्यांतील पिंपळे खालसा या गांवाच्या नांवांत हा शब्द आजहि नांदत आहे. गांव खालसा झाला म्हणजे इनामदाराच्या घरीं सुतक; रयतेला मात्र सारा दोन्हीकडे सारखाच चुकत नसे.

हा दप्तरी शब्द राज्याच्या मरणाचा शब्द झाला तो साताऱ्यास. इ. स. १८१९ च्या तहानें इंग्रजांनीं छत्रपति प्रतापसिंहांस राज्य दिलें, तें वंशपरंपरेच्या कराराचें. इ. स. १८३९ मध्यें त्यांना पदच्युत करून बंधु शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांस गादीवर बसविलें. आप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ रोजीं वारले. मृत्यूपूर्वीं त्यांनीं दत्तक घेतला होता. साताऱ्याचे रेसिडेंट फ्रियर आणि मुंबईचे गव्हर्नर क्लार्क या दोघां इंग्रजांचें मत राज्य चालू ठेवावें असेंच होतें. गव्हर्नर जनरल डलहौसी यांनीं तें मानिलें नाहीं, आणि दत्तक नामंजूर होऊन राज्य गेलें.

या कृत्यास इंग्रजींत जो शब्द योजिला तो ‘लॅप्स’. त्याचा अर्थ मुदत सरून गळून पडणें. पिकलें पान देठापासून गळावें तसें राज्य आपोआप गळलें. कोणीं तोडलें असें नाहीं! मराठी माणूस मात्र म्हणाला, “राज्य खालसा केलें.” या क्रियापदाला कर्ता लागतो. “खालसा झालें” असें म्हटलें तरी ऐकणारा लगेच विचारतो, “कोणीं केलें?” इंग्रजी शब्दांत जो कर्ता लपला होता, तो मराठी व्याकरणानें उजेडांत आणिला.

तथापि आपला शब्दहि निर्दोष नव्हता. खालसा होते ती जहागीर. तहानें बांधलेलें राज्य नव्हे. सातारा हें आपणच निर्माण केलेलें मांडलिक राज्य, म्हणून वारस नसतां तें आपणांकडेच परत यावयाचें, हाच तर डलहौसींचा दावा! वसुली खात्याचा शब्द उचलून आपण कर्त्यास उघडा पाडला खरा, पण न कळत त्याचा दावाहि थोडासा पदरांत घेतला.

पुढें इ. स. १८५४ मध्यें झांशी व नागपूर हीं राज्यें गेलीं. इ. स. १८५६ मध्यें अयोध्येची पाळी आली. तेथें नबाब हयात होता, दत्तकाचा प्रश्नच नव्हता. गैरकारभाराचें कारण पुढें केलें. इंग्रजांची कारणें बदललीं. मराठी क्रियापद तेंच राहिलें. दुसऱ्याच वर्षीं उठाव झाला, आणि त्यानंतर संस्थानिकांच्या दत्तकास मान्यता देण्याचें धोरण राणीच्या सरकारास पत्करावें लागलें.

साताऱ्यास शंभर वर्षें होत असतांना, ८ मार्च १९४८ रोजीं, दक्षिणेंतील संस्थानें मुंबई प्रांतांत आलीं. कोल्हापूर पुढील वर्षीं आलें. राज्यें याहि वेळीं संपलीं, पण या वेळीं शब्द आला ‘विलीनीकरण’. संस्थानिकांच्या सह्या करारांवर होत्या, आणि सत्ता परक्या कंपनीकडे न जातां लोकांनीं निवडलेल्या मंत्रिमंडळाकडे गेली. तरीहि मागें तगादा किती होता, हें त्या सह्या करणारांनाच ठाऊक. ‘विलीन होणें’ हेंहि ‘गळून पडणें’ याच जातीचें, कर्ता न सांगणारें क्रियापद आहे. नदी सागरास मिळते तेव्हां ती आपण होऊन मिळते; राज्यांचें तसें क्वचितच होतें.

म्हणून इतिहास वाचतांना कांहीं संपल्याची वार्ता आली, कीं शाळेंत शिकलेलें व्याकरण थोडें आठवावें, आणि क्रियापदाला त्याचा कर्ता विचारावा. साताऱ्याच्या वेळीं आपल्या भाषेनें तो विचारला होता.