ॲक्सिडेंटल चिन्हे, संगणकीय स्वरलेखनातील

स्टाफ नोटेशनमध्ये स्वराच्या डावीकडे येणारी शार्प, फ्लॅट, नॅचरल, डबल शार्प व डबल फ्लॅट ही चिन्हे. शार्पने स्वर अर्धस्वराने चढतो, फ्लॅटने उतरतो, नॅचरलने आधीचा बदल रद्द होतो. कोणत्या स्वराला चिन्ह द्यायचे, कोणाचे गाळायचे आणि कोठे ते निव्वळ वाचणाऱ्याच्या सोयीसाठी पुन्हा दाखवायचे, हे नोटेशनच्या सॉफ्टवेअरने स्वतः ठरवणे, एवढाच या नोंदीचा विषय आहे.

रूढ नियम : की सिग्नेचरमधील चिन्हे पुढची सिग्नेचर येईपर्यंत चालतात. मध्येच आलेले चिन्ह त्या बारच्या अखेरीपर्यंत टिकते व बाररेषेवर संपते. ही रूढी अठराव्या शतकात स्थिरावली, असे सामान्यतः मानतात. त्याआधीच्या हस्तलिखितांत चिन्ह बहुधा त्या एकाच स्वरापुरते असे. दुसऱ्या सप्तकातील त्याच नावाच्या स्वराला ते लागू पडते का, याबाबत जुन्या छपाईत एकवाक्यता आढळत नाही. आजचे बहुतेक प्रकाशक ‘नाही’ असे धरतात, तरी सावधगिरीचे चिन्ह देतात.

नोंदवण्याच्या दोन पद्धती : एबीसी या मजकुरी लिपीत जी मेजर असे एकदा घोषित केले, की नुसता ‘एफ’ लिहिला तरी तो एफ शार्प समजला जातो. लिलीपाँड या नोटेशन-प्रणालीत याच्या उलट आहे. तेथे प्रत्येक स्वर पूर्ण नावाने लिहावा लागतो. डच धर्तीच्या मूळ नावांप्रमाणे एफ शार्प म्हणजे ‘फिस’. जी मेजरमध्ये ‘फिस’ लिहिल्यास कागदावर चिन्ह उमटत नाही, कारण सिग्नेचर ते काम करते. नुसता ‘फ’ लिहिल्यास नॅचरल छापले जाते. नवशिक्यांचा गोंधळ येथेच होतो, पण पद्धत हीच बरोबर आहे. स्वर कोणता हे संगीतकार सांगतो, चिन्ह हवे का हे नियम सांगतो. सिग्नेचर बदलली किंवा बाररेषा सरकली, तरी ऐकू येणारा स्वर बदलत नाही. छापील चिन्हे तेवढी नव्याने काढली जातात. म्युझिकएक्सएमएल या विनिमय-स्वरूपातही (पहिली आवृत्ती २००४) स्वरातील बदल आणि छापलेले चिन्ह यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवल्या आहेत.

लिलीपाँडमधील शैली : हान-वेन निनहाउस व यान निवेनहाउझेन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या या मुक्त प्रणालीत ॲक्सिडेंटलचे नियम शैलींच्या रूपाने दिले आहेत. ‘डीफॉल्ट’ शैली वर दिलेली अठराव्या शतकातील रूढी पाळते. जी मेजरच्या पहिल्या बारमध्ये एफ नॅचरल आला आणि दुसऱ्या बारमध्ये एफ शार्प परतला, तर ती दुसऱ्या बारमध्ये काहीच छापत नाही. नियमाने हे शुद्ध आहे, पण पहिल्या वाचनात वादक हमखास चुकतो. ‘मॉडर्न’ शैली तेथे शार्प पुन्हा दाखवते, तसेच त्याच बारमधील इतर सप्तकांतही खुलासा करते. डबल शार्पनंतर शार्प आला की जुन्या छपाईत त्याआधी जे जादा नॅचरल येई, ते मात्र ती गाळते. ‘मॉडर्न-कॉशनरी’ हीच जादा चिन्हे कंसात घालते. ‘पियानो’ शैली दोन्ही हातांच्या ओळी एकत्र विचारात घेते. ‘व्हॉइस’ प्रत्येक आवाजाचा हिशेब वेगळा ठेवते. ‘नो-रीसेट’मध्ये चिन्ह बाररेषेवर संपत नाही. ‘फर्गेट’मध्ये ते लगेच विसरले जाते, म्हणून दर वेळी नव्याने छापले जाते. ‘डोडेकाफोनिक’ प्रत्येक स्वराला चिन्ह देते, नॅचरललाही. नियम अपुरा पडला तर स्वराच्या नावानंतर उद्गारचिन्ह लिहून चिन्ह सक्तीने आणता येते आणि प्रश्नचिन्ह लिहून कंसात आणता येते. टायने बाररेषेपलीकडे गेलेल्या स्वराला चिन्ह पुन्हा लागत नाही. मात्र ओळ तेथेच तुटली, तर नव्या ओळीच्या आरंभी ते दाखवले जाते. संपादकाने सुचवलेले चिन्ह (म्युझिका फिक्टा) स्वराच्या वर छापण्याचीही सोय आहे.

इतर प्रणाली : फिनाले (१९८८, विकास २०२४ मध्ये थांबवला), सिबेलियस (१९९३), म्युझस्कोर, डोरिको (२०१६). डोरिकोत चिन्ह किती काळ टिकावे याचे तीन पर्याय आहेत. त्यांतील एकाला दुसऱ्या व्हिएन्ना परंपरेचे नाव आहे.

कीबोर्डवरून आलेला स्वर : वाद्ये व संगणक जोडणाऱ्या मिडी या मानकात (१९८३) स्वराला नाव नसते, ० ते १२७ यांतील क्रमांक असतो. मधला सी ६०. क्रमांक ६६ हा एफ शार्प की जी फ्लॅट, हे सॉफ्टवेअरला संदर्भावरून ताडावे लागते. या प्रश्नावर लाँगेट-हिगिन्स यांनी १९७६ मध्ये काम प्रसिद्ध केले. डेव्हिड मेरेडिथ यांची ‘पीएस१३’ ही पद्धत पुढील काळातील आहे. हाच पेच वाद्यांसाठी स्वरांतर करताना येतो : ई मेजरमधील (चार शार्प) रचना बी फ्लॅट ट्रंपेटसाठी लिहिली की एफ शार्प मेजर होते, सहा शार्पची, जी फ्लॅटमध्ये लिहिली तर सहा फ्लॅटची.

छपाईतील मांडणी : कॉर्डमध्ये जवळजवळच्या स्वरांची चिन्हे एकमेकांवर चढू नयेत म्हणून डावीकडे पायरीने सरकवतात.

हिंदुस्थानी संगीताचे लेखन : विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ व तीव्र मध्यमावर उभी रेघ असते, आणि ती दर वेळी लिहिली जाते. विभागाची रेघ ओलांडल्याने काहीच बदलत नाही, त्यामुळे आधीचे लक्षात ठेवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कोरी सिग्नेचर ठेवून लिलीपाँडची ‘फर्गेट’ शैली लावली, तर वागणूक नेमकी अशीच मिळते. षड्ज सी धरून भैरव स्टाफवर उतरवायचा, तर डी आणि ए हे दोनच स्वर फ्लॅट होतात. पाश्चात्त्य प्रघातातील पंधरांपैकी कोणत्याही सिग्नेचरमध्ये ही जोडी बसत नाही. लिलीपाँडमध्ये अशी सिग्नेचर हाताने घडवता येते, आणि मग बंदिशीच्या पानावर ॲक्सिडेंटल जवळजवळ उरत नाहीत. भैरवमधल्या रे-धचे आंदोलन मात्र फ्लॅटच्या चिन्हात येत नाही.